उन्हाळ्यात नव्या कोंबड्या जुन्यांत मिसळताना : टोचण्यापेक्षा पाणी जास्त मारतं



मागच्या पंधरवड्यात तिघांनी एकच विचारलं. घरी दहा-पंधरा कोंबड्या आहेत, आणखी आठ-दहा आणायच्यात, उन्हात आणाव्या का आणि आणल्या तर लगेच एकत्र सोडाव्या का? तिघांनाही फोनवर तुकड्या-तुकड्यात सांगितलं. आता एकदाच सविस्तर लिहितो, कारण यंदा आमच्या घरी हेच काम झालं आणि तेही ऐन एप्रिल-मेमध्ये. आमचा परभणीचा भाग. मे महिन्यात पारा ४२-४३ पर्यंत जातो, कधी त्याच्याही वर.

आधी माझं उत्तर सांगतो. हौसेनं आणायच्या असतील तर मार्च ते मे आणू नका. जून सरल्यावर नाहीतर दिवाळीनंतर आणा. पण प्रत्येक वेळी आपल्या हातात नसतं. आमच्याही नव्हतं.

माझी थोरली बहीण, आम्ही तिला आक्का म्हणतो, यंदा कायमची आमच्याकडं राहायला आली. दाजी दिवाळीत गेले. मूलबाळ नाही, शेती दिरांकडं. येताना तिनं एक ट्रंक, दोन गोधड्या आणि अकरा कोंबड्या आणल्या. कोंबडा तिनं तिथंच बाजारात विकला. कोंबड्याही विकून ये म्हणून मी फोनवर सांगितलं होतं, तर म्हणाली, "भाऊ, तेवढंच माझं हाय. ते इकून मी तुझ्या दारात कशी येऊ?" त्याच्यावर काय बोलणार.

इकडं आमच्या घरी पंधरा कोंबड्या आणि एक कोंबडा. त्या आमच्या मंडळींच्या. मी फक्त खुराडं बांधून दिलं, बाकी आठ वर्षं सगळं तीच बघते. अंड्याचा पैसा तिचा, त्यात मी कधी हात घातला नाही. तीन वर्षांमागं आमच्या गल्लीत एकानं बाजारातून चार तलंगा आणल्या आणि त्याच संध्याकाळी आपल्या कोंबड्यांत सोडल्या. पंधरा दिवसांत मानमोडीनं अर्धी गल्ली रिकामी झाली. आमच्या लस टोचलेल्या होत्या म्हणून निभावलं. ते तिच्या डोक्यातून गेलेलं नाही. तिनं मला स्वयंपाकघरात बोलावून सांगितलं, "आक्का राहू द्या, जन्मभर राहू द्या. पण त्यांच्या कोंबड्या माझ्या खुराड्यात नकोत." मला दोघींचंही पटत होतं. दोघींपुढं एकच पर्याय मांडता येत होता, तो म्हणजे घाई करायची नाही आणि एक एक पायरी चढायची.

पहिली पायरी, लांब ठेवणं. आक्काच्या कोंबड्या वाड्याच्या दुसऱ्या टोकाला जुन्या गोठ्यात ठेवल्या. आमच्याकडं उन्हाळ्यात वारं बहुतेक पश्चिमेचं असतं, म्हणून नव्या कोंबड्या पूर्वेला आणि जुन्या पश्चिमेला. म्हणजे नव्यांवरून आलेलं वारं जुन्यांवर जात नाही. परळ, पाण्याची भांडी, झाडू सगळं वेगळं. आधी जुन्यांचं काम करायचं, मग नव्यांचं, आणि नव्यांकडं जाताना चप्पल वेगळी. पायाच्या चिखलातून आणि विष्ठेतूनही रोग जातो. कमीत कमी तीन आठवडे असं ठेवायचं. पुष्कळ जण तीन दिवस ठेवतात आणि "चांगल्या दिसतात की" म्हणून सोडून देतात. कोंबडी आजार लपवते. अशक्त दिसली की बाकीच्या टोचतात, म्हणून ती शेवटपर्यंत धडधाकट असल्यासारखी वागते.

आमच्याकडं सातव्या दिवशी दिसलं. आक्काच्या दोन कोंबड्यांच्या नाकातून पाणी, डोळ्याखाली सूज, आणि जवळ गेलं की घाण वास. एक होती उघड्या मानेची तांबडी, आक्काची सगळ्यात लाडकी, तिच्या मागं मागं फिरणारी. दुसरी काळी. दोघींना त्याच तासाला शेतातल्या आखाड्यावर नेऊन ठेवलं. तिथं दुसऱ्या कोंबड्या नाहीत. तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, लक्षणं कोरायझाची दिसतात, म्हणजे कोंबड्यांची संसर्गाची सर्दी. औषध दिलं, पाच दिवसांचं. त्या दिवसांतली आणि औषध संपल्यावरची त्यांनी सांगितलेल्या दिवसांची अंडी खायची नाहीत, विकायची नाहीत. आम्ही खड्ड्यात पुरली. गोठ्यातला भुसा काढून जाळला आणि जमिनीवर चुना टाकला.

दोघी बऱ्या झाल्या. सूज उतरली, दाणे टिपायला लागल्या. आक्का खुश झाली, म्हणाली आता आणते घरी. तेव्हा डॉक्टरांनी जे सांगितलं ते सगळ्यांनी नीट लक्षात ठेवा. या रोगातून बरी झालेली कोंबडी वरून चांगली दिसते, पण रोगाचे जंतू तिच्या अंगात राहू शकतात. ती स्वतः मरत नाही, दुसऱ्यांना देते. म्हणून अशी कोंबडी कळपात परत घ्यायची नसते, ना जुन्या कळपात, ना नव्या. एक तर खाण्यासाठी काढायची, नाही तर कायम वेगळी ठेवायची.

हे आक्काला सांगणं मला जड गेलं. ती काही बोलली नाही. संध्याकाळी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच म्हणाली, "दोघींसाठी नऊ मारायच्या का? आखाड्यावरच राहू दे त्यांना." तेव्हापासून त्या तिथंच आहेत. रात्री सालदाराच्या खोलीशेजारी डालग्यात डालतो, दिवसा लिंबाखाली. त्यांची अंडी आम्ही खातो, त्याला काही अडचण नाही. घरच्या कोंबड्यांचं सगळं काम उरकल्यावरच आक्का तिकडं जाते, तिकडून आली की हातपाय धुऊन घरात, आणि तिकडची चप्पल तिकडंच.

आता उरल्या नऊ. त्याही त्या दोघींबरोबर सात दिवस एकाच गोठ्यात होत्या. त्यांच्यात रोग लपलेला नाही हे कसं कळणार? इथं डॉक्टरांनी एक साधी युक्ती सांगितली, ती कृषी सहायक मंडळींनाही उपयोगी पडेल. आपल्या जुन्या कळपातली एक कोंबडी नव्यांत नेऊन ठेवायची, पंधरा दिवस. नव्या जर रोग बाळगून असतील तर तिला होईल. तिला झालं तर एकच गेली, बाकीच्या वाचल्या. तिला काही झालं नाही तर पुढं जायला हरकत नाही.

प्रश्न होता, द्यायची कोणती? मी विचारलं नाही. आमच्या मंडळींनी स्वतः एक पांढरी कोंबडी काखेत धरून आणली आणि आक्काच्या हातात दिली. म्हातारी नाही, चांगली अंड्यावरची दिली. मी म्हटलं, एखादी उतरलेली द्यायची. तर म्हणाली, "उतरलेली मेली तर म्हाताऱ्यानं मेली का रोगानं, कळायचं कसं?" मला हे सुचलं नव्हतं. १ मे ते १५ मे ती पांढरी त्या नऊजणींत राहिली. नाक कोरडं, डोळे स्वच्छ, अंडं चालू. तेव्हा जीव भांड्यात पडला.

त्यानंतर जंताचं औषध दिलं आणि मग मानमोडीची म्हणजे राणीखेतची लस, मोठ्या कोंबड्यांची आर-टू-बी. लशीबद्दल चार गोष्टी. आजारी कोंबडीला लस टोचायची नाही. लस थर्मासमध्ये बर्फात आणायची. पहाटे उजाडायच्या आत टोचून मोकळं व्हायचं, कारण उन्हात पकडापकडी केली तर लशीपेक्षा धापच जास्त लागते. आणि बाटली बहुतेक शंभर मात्रांची येते, एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते. म्हणून गल्लीतल्या सगळ्यांनी मिळून एकाच दिवशी टोचा. खर्च वाटला जातो आणि शेजाऱ्याची कोंबडी सुरक्षित म्हणजे आपली सुरक्षित. लस टोचल्यावर तिचा जोर यायला दोन आठवडे धरा. त्याच्या आधी मिसळू नका.

आता उन्हाचं बोलू. या सगळ्या दिवसांत दोन्हीकडच्या कोंबड्या जगवायच्या होत्या.

कोंबडीला घाम येत नाही. तिचं अंग मुळातच ४१ अंशाच्या आसपास गरम. बाहेर ४२ झालं की अंगातली उष्णता टाकायला तिच्याकडं तोंड उघडून धापणं एवढाच मोठा मार्ग उरतो, आणि त्यात पाणी उडून जातं. चोच उघडी, पंख अंगापासून सुटे, मान पुढं, हे दिसलं की ती अडचणीत आहे समजा. तुरा काळसर पडला आणि कोंबडी बसून राहिली तर वेळ थोडा आहे. तिला सावलीत आणा, पाय गार पाण्यात धरा, तुरा आणि गलोल ओले करा. बर्फाच्या पाण्यात सगळी बुडवू नका.

एरवी कोंबडी दिवसाला पाव लिटर पाणी पिते, उन्हाळ्यात त्याच्या दुप्पट आणि जास्तही. पाणी तापलं की पीत नाही. म्हणून प्लास्टिकची भांडी उन्हात ठेवू नका. आम्ही मातीचे परळ वापरतो, सावलीत, आणि दिवसातून चारदा पाणी बदलतो. दाणा पहाटे साडेपाचला आणि संध्याकाळी सहानंतर. खाल्लेलं पचताना अंगात उष्णता तयार होते, आणि ती खाल्ल्यावर चार-पाच तासांत वाढते. दहा वाजता पोटभर दाणा दिला की ती उष्णता बरोबर दुपारच्या उन्हात येते. दुपारी फक्त शेवग्याचा पाला, घोळ, टरबुजाच्या साली. पत्र्यावर चुना मारला आणि वर तुराट्या अंथरल्या. जाळीला ओलं बारदान, पण वारं अडणार नाही एवढंच. वारं बंद केलं आणि ओल केली तर कोंडून आणखी वाईट होतं.

उन्हाळ्यात अंड्याचं टरफल पातळ येतं, त्याला चुना कमी पडला एवढंच कारण नाही. धापताना श्वासातून कार्बन वायू जास्त बाहेर जातो आणि रक्तात टरफल बनवायला लागणारा भाग कमी पडतो. तरी शिंपल्याचा चुरा संध्याकाळी ठेवा, टरफल रात्री बनतं.

एवढं करूनही २२ मेला आमची एक गेली. भारी वजनाची, सुधारित जातीची, साडेतीन किलोच्या पुढची. दुपारी तीनला लिंबाखाली आडवी झाली. जड कोंबडी उष्णता लवकर टाकू शकत नाही. हलक्या गावरान आणि उघड्या मानेच्या टिकतात. मानेवर पिसं नसली की तिथून उष्णता जाते, हे आपल्या जुन्या बायांना पुस्तकाशिवाय माहीत होतं.

आता मुद्द्याचं, मिसळणं. कोंबड्यांत पायरी असते. कुणी आधी खायचं, कुणी नंतर, कुणी कुणाला टोचायचं, सगळं ठरलेलं. नवी आली की ते सगळं मोडतं आणि पुन्हा ठरावं लागतं. थोडी मारामारी होणारच. थंड मुलुखात लोक रक्त निघेल याला भितात. आपल्याकडं मी वेगळंच बघितलंय. टोचण्यानं क्वचित मरते. वरच्या पायरीची कोंबडी पाण्याच्या परळापाशी आणि सावलीत उभी राहते आणि नवीला जवळ येऊ देत नाही. नवी भिंतीच्या कडेला उन्हात थांबते. हिवाळ्यात अर्धा दिवस पाणी नाही मिळालं तर ती निभावते. मेमध्ये अर्ध्या दिवसात खलास. संध्याकाळी आपण म्हणतो "ऊन लागलं". ऊन लागलं खरं, पण तिला उन्हात ठेवलं कुणी ते दिसत नाही.

म्हणून नियम असा की पाणी आणि सावली एका जागी ठेवायचीच नाही. आम्ही पाच परळ पाच ठिकाणी ठेवले, एकावरून दुसरा दिसणार नाही असे. एक खुराड्यामागं, एक हौदापाशी, एक बैलगाडीखाली, एक तुळशीच्या ओट्यामागं, एक लिंबाखाली. एक कोंबडी पाच जागा राखू शकत नाही. सावलीसाठीही तीन ठिकाणी तुराट्यांचे छोटे मांडव, दोन्ही बाजूंनी उघडे. एकच तोंड असलेल्या आडोशात नवी कोंडली जाते आणि मार खाते.

१ जूनपासून नऊजणी आणि ती पांढरी, अशा दहा, जाळीपलीकडं आणून ठेवल्या. जाळीतून दोन्हीकडच्यांनी एकमेकींना बघायचं, फुगायचं, टोचायला धावायचं, पण लागायचं नाही. दहा दिवसांत फुगणं कमी झालं. मृगाचा पहिला पाऊस ९ जूनला झाला, हवा उतरली, आणि ११ जूनला रात्री नऊ वाजता एकेक उचलून जुन्यांच्या शेजारी बांबूवर बसवल्या. अंधारात कोंबडीला धड दिसत नाही, भांडण होत नाही, सकाळी उठतात तेव्हा शेजारीण आधीच बसलेली असते. सगळ्या एकदम बसवायच्या. एकटी-दुकटी नवी सोडली तर सगळा मार तिच्यावर येतो, नऊ असल्या की वाटला जातो. खुराडं सहा बाय आठ फूट, चोवीस नगांना प्रत्येकी दोन चौरस फूट आलं. याच्यापेक्षा कमी करू नका, रात्री कोंडतं.

पहिल्या सकाळी दार उघडायला आमच्या मंडळी आणि आक्का दोघी जाळीपाशी उभ्या होत्या. एकमेकींशी बोलत नव्हत्या, फक्त कोंबड्या बघत होत्या. चार दिवस पाठलाग चालला. एकीची शेपटी उपटली, एकीच्या तुऱ्याला रक्त आलं, तिला हळद-तेल लावून दोन दिवस वेगळी ठेवली. रक्त दिसलं की बाकीच्या तिथंच टोचतात, म्हणून ते लगेच झाका. आठव्या-नवव्या दिवशी शांत झालं. अंडी दोन आठवडे निम्म्यावर आली होती, जूनअखेर पूर्ववत झाली. मिसळल्यावर अंडी घटली म्हणून घाबरू नका.

राहिला हिशेबाचा प्रश्न. एकाच पेटीत अंडी पडतात, कोणतं कुणाचं कसं ओळखणार? आक्का म्हणाली, सगळी तुमचीच धरा. आमच्या मंडळी म्हणाल्या, नको. आता नगाप्रमाणं वाटणी आहे. चौदा कोंबड्या आमच्या, नऊ आक्काच्या, पायात वेगळ्या रंगाचा दोरा. विकलेल्या अंड्याचे पैसे तेवीस भाग करून नऊ भाग आक्काच्या डब्यात. गावात काही जण हसले, सख्ख्या घरात कसला हिशेब म्हणून. मला तो बरोबर वाटतो. ज्या बाईच्या नावावर सातबारा नाही, तिच्या हातात स्वतःचा पैसा असला पाहिजे, भावाच्या घरातसुद्धा.

ज्यांना एवढं वाचायला वेळ नाही त्यांच्यासाठी थोडक्यात :

१. उन्हाळ्यात शक्यतो आणू नका. आणाव्या लागल्या तर मृगाचा पाऊस पडेपर्यंत मिसळू नका.
२. तीन आठवडे लांब, वारं बघून, वेगळी भांडी, वेगळी चप्पल.
३. सर्दी होऊन बरी झालेली कोंबडी कळपात घेऊ नका.
४. शंका असेल तर जुन्यांतली एक कोंबडी पंधरा दिवस नव्यांत ठेवून बघा.
५. जंताचं औषध, मग लस, मग दोन आठवडे थांबा.
६. दहा दिवस जाळीआड, मग रात्री एकदम.
७. जेवढ्या जागी पाणी ठेवता त्याच्या तिप्पट जागी ठेवा, एकमेकांना न दिसणाऱ्या.

औषधाचं नाव आणि मात्रा मी मुद्दाम लिहिलेली नाही. कोंबडी डॉक्टरांना दाखवूनच घ्या, प्रत्येक सर्दी कोरायझाच असते असं नाही.

तुमच्याकडं खुराडं लहान असेल किंवा अंगण नसेल तर जाळीआड ठेवायची सोय कशी करता? आणि उघड्या मानेची गावरान जात कुणाकडं अजून टिकून असेल तर कळवा. पिल्लं नाही, उबवायला अंडी पाहिजेत. अंड्याबरोबर आजार यायची भीती पिल्लापेक्षा कमी.